सूर्योदय वगळून श्रीलंका

"हा सूर्योदय काढून टाका, भाऊ," लीलाताई म्हणाल्या. मी मोठ्या कौतुकाने तयार केलेला प्लॅन त्यांनी टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला.

श्रीलंकेतल्या श्रीपाद डोंगरावर माणसं जातात ती सूर्योदयासाठीच. अंधारात पायऱ्या चढायच्या, उजाडताना माथा गाठायचा. आमच्या धंद्यात याला हायलाइट म्हणतात. म्हणजे ज्या एका गोष्टीवर अख्खी टूर विकली जाते, ती. आणि ताई हायलाइटच काढायला सांगत होत्या.

"काहून, ताई?"

"सूर्य पाहाले समुद्र ओलांडून कायले जाच? एप्रिलमधी आमच्या गच्चीवर या. फुकटात दाखवीन."

मागे बसलेल्या त्यांच्या मैत्रिणी खो-खो हसल्या.

माझं नाव साजिद. यवतमाळात माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. वडील मक्केला उमऱ्याचे ग्रुप नेत, मी त्यात सहली जोडल्या. लीलाताई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. बाकीच्या त्यांच्या बुद्धविहारातल्या मैत्रिणी. श्रीपादवर दगडात उमटलेलं पाऊल आहे. बौद्ध लोक ते भगवान बुद्धांचं मानतात, आमच्यात बाबा आदमचं. त्यामुळे भाव ठरवताना आम्ही भांडलो असू, डोंगरावरून नाही.

हाच डोंगर का, हे ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

"जूनमधी गुडघे बदलाचे हायत. दोनी. नवे चांगलेच राह्यतीन, मी कितीक पेशंट पाह्यले. पण डॉक्टर म्हणते, मंग असे पहाड नाई. हे माह्ये सोताचे हायत तोवर एक पहाड चढून घेऊ द्या, भाऊ."

मी उगाच उठून कूलरचं बटण फिरवलं.

तर सूर्योदय काढायचा होता. मी लँड ऑपरेटरला फोन लावला. लँड ऑपरेटर म्हणजे त्या देशातला आपला माणूस; हॉटेल, गाडी, वाटाड्या, सगळं तोच बघतो. माझ्याकडे नुवान नावाचा आहे. फार शिस्तीचा. मी स्पीकर लावला आणि त्याचं इंग्रजी मराठीत सांगत गेलो.

"सूर्योदय नको? मग डोंगर कशाला?" नुवान म्हणाला.

"उजाडल्यावर चढू म्हणतात."

"सकाळ सरली की वर ढग येतात. काही दिसणार नाही. वारा सुटेल, थंडी वाजेल. नंतर कंप्लेंट नको, मी आधीच वॉर्निंग देतो."

मी वॉर्निंग मराठीत सांगितली आणि ऑफिसात टाळ्या पडल्या.

"एप्रिलमधी थंडी?" शोभाताई ओरडल्या. त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि आवाज मशीनच्या वर चढवायची सवय आहे. "लिहा, भाऊ, लिहा! पयले तेच लिहा!"

"चिडल्या का त्या?" नुवान घाबरून विचारत होता.

मग प्लॅन नव्याने लिहायला घेतला. असा प्लॅन मी आजवर केला नव्हता. एकेका ठिकाणाला एकच प्रश्न: "तिथं स्वेटर लागते का?" लागत असेल तर पास. समुद्रकिनारा नापास झाला, कारण वाळू तापते. चहाच्या मळ्यांतली पायवाट पास. धुक्याचं पठार पास. धबधबा टाळ्यांनी पास. एरवी मी गिऱ्हाइकांना डोंगराळ भागातल्या थंडीबद्दल माफी मागून हॉटेल विकतो. इथं हॉटेलला एसी आहे म्हटल्यावर त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या भर दुपारी स्वेटर घ्यायला बाजारात गेल्या. दुकानदाराने आधी सगळ्यांना बसवून पाणी पाजलं. त्याला वाटलं, ऊन लागलं. उन्हाळ्यात स्वेटर कुठले मिळायला? शेवटी घरच्या पेट्यांतले जुनेच निघाले. विमानात आमच्या रांगेला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

निघण्याआधी रोज पहाटे लोहारा गावापलीकडच्या टेकडीच्या पायऱ्यांवर सराव केला. ताई एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची घ्यायच्या. मी प्लॅनमध्ये एक्झिट पॉइंट घातला. म्हणजे जिथून एखाद्याने परत फिरलं तरी बाकीच्यांचा कार्यक्रम बिघडत नाही अशी जागा. चढणीच्या मध्यावरची चहाची टपरी ठरवली. तिथं ताईंचे गुडघे पाहून सोबत चढणारा नुवान निर्णय देणार होता, आणि ताईंनी ते कबूल केलं होतं.

श्रीपादच्या दिवशी सकाळी आम्ही चढू लागलो तेव्हा सूर्योदय पाहिलेली जांभया देणारी गर्दी खाली उतरत होती. "चुकलात, चुकलात," असं ते खुणेने सांगत होते. शोभाताई प्रत्येकाला हात हलवून "जा, घरी जा" म्हणत होत्या.

टपरीवर ताई बसल्या त्या उठेनात. डावा गुडघा सुजला होता. एवढं सगळं ज्या माणसासाठी केलं, तोच अर्ध्यातून परतणार होता.

नुवान खाली बसून समजुतीने म्हणाला, "मॅडम, हट्ट करू नका. बघा, ढग आला. आता वर तुम्हाला काहीही दिसणार नाही. नुसता गार वारा."

मी भाषांतर केलं. ताईंनी कपातला चहा संपवला. गुडघ्याला पट्टा आवळला.

"गार म्हणजे किती गार, विचारा त्याले."

"स्वेटरशिवाय उभं राहवत नाही म्हणतो."

"मंग इथं बसून काय करून राह्यलो आपण?" म्हणत त्या उठल्याच. एका बाजूने शोभाताई, दुसऱ्या बाजूने मी. नुवान निर्णय द्यायचा विसरला आणि ताईंची पिशवी घेऊन मागे चालू लागला.

माथ्यावर खरंच काही नव्हतं. सगळं पांढरं. हाताचा पंजा दिसेना. तिथं जोडे काढावे लागतात. गार फरशीला तळवे लागले आणि बाया लहान पोरींसारख्या किंचाळल्या. "थंडी वाजून राह्यली, बाप्पा! एप्रिलमधी!" कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. मी दोन्ही करत होतो.

वर एक घंटा आहे. जितक्या वेळा तुम्ही डोंगर चढलात, तितके टोल द्यायचे. ताईंनी एक टोल दिला. मग दुसरा दिला.

"मॅडम, पहिलीच वेळ ना? एकच," शिस्तीचा नुवान म्हणाला.

"एक डाव्याचा, एक उजव्याचा," ताई म्हणाल्या. "दोघंही आले ना वर."

मी ते इंग्रजीत सांगितलं. नुवानने टोपी काढली.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. मी पाहायला गेलो तेव्हा ताई वॉकर घेऊन बैठकीत फेऱ्या मारत होत्या. भिंतीवर माथ्यावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात सगळं पांढरं आणि मधे काही पुसट ठिपके. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या, "हा एप्रिल महिना हाय."

तेव्हापासून मी नव्या गिऱ्हाइकाला काय पाहायचंय ते विचारत नाही. कशाला कंटाळलात, ते विचारतो. लोक लगेच सांगतात, आणि अर्धा प्लॅन तिथंच होतो.