साडीबरोबरचा फॉल

बशीरभाईंच्या दुकानातून फॉल न घेता साडी घेऊन बाहेर पडलेली बाई मी कधी पाहिली नाही. जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींना लागून त्यांचं कापडाचं दुकान होतं. साडी पसंत करून बाई पैसे काढायला लागली, की ते घडी मांडीखाली दाबून धरायचे आणि फॉलचा डबा पुढे ओढायचे. ‘फॉल नंतर नेते’ असं तिने म्हटलं, की उत्तर ठरलेलं असायचं. “नंतर याल तर रंग जुळणार न्हाई, बाई. साडी तुमच्या कपाटात अन् फॉल माझ्या डब्यात. मंग दोघांनी एकमेकाला तोंड कधी दाखवायचं?”

आमची ओळख अशाच भांडणातून झाली. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मी आणि माझी बायको सुमन त्यांच्याकडे गेलो होतो. सुमनही सहजी ऐकणाऱ्यांतली नव्हे. दोघांचं बराच वेळ चाललं, शेवटी सुमनने कंटाळून सगळे फॉल घेतले आणि बशीरभाईंनी विजयाचा चहा मागवला. मी काय करतो, असं त्यांनी विचारलं. कॉलेजात शिकवतो म्हणालो. “मंग तुम्हाला सवय असंल,” ते म्हणाले, “चांगलं सांगावं अन् कुणी ऐकू न्हाई, याची.”

पुढे मी निवृत्त झालो आणि सकाळच्या फिरण्यात ते माझे सोबती झाले. त्यांच्यासोबत राहणं सोपं नव्हतं. एकदा आम्ही एका ओळखीच्या लग्नाला आष्टीला गेलो. ऐन उन्हाळा, आभाळात ढगाचा ठिपका नाही, तरी यांनी वरबापाला गाठून मांडवावर ताडपत्री टाकायला लावली. पाऊस अर्थातच आला नाही. परतताना मी त्यांना चिडवलं, तर म्हणाले, “ताडपत्री वाया गेली का? पंगत तिच्याच सावलीत बसली की न्हाई?” अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मी तो फार लवकर सोडून दिला होता.

पुढे आम्ही सहलीला जायचं ठरवलं, ती कल्पना मात्र सुमनची. ती कधी विमानात बसली नव्हती. खिडकीजवळ बसून ढग खालून नव्हे तर वरून बघायचे, एवढंच तिचं मागणं होतं, आणि संसाराच्या रेट्यात ते वर्षानुवर्षं मागे पडत आलं होतं. दिवाळीनंतर श्रीलंकेला जायचं ठरलं. आम्ही दोघं, बशीरभाई आणि त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी. सुमनने अनंत चतुर्दशीचा दिवस धरला आणि आम्ही चौघं सहलीच्या ऑफिसात जाऊन पैसे भरून आलो.

तिथल्या माणसाने जाता जाता प्रवास विम्याचं विचारलं. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत कधीही काढता येईल, असंही सांगितलं. बशीरभाई उठलेले पुन्हा बसले. आज काढला तर पैसे जास्त पडतात का, असं त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही, तेवढेच. आणि मधल्या दिवसांत कुणी आजारी पडलं, जाणं रद्द झालं, तर? तो म्हणाला, विमा आधी काढलेला असेल तर बरेचसे पैसे परत मिळतात. “ऐकलं, वहिनी? खर्चा तेवढाच, अन् मधले दिवस फुकटात. आजच काढा.”

सुमनने कानांवर हात ठेवले. “आजच्या दिवशी दवाखान्याचं नाव नका काढू भाईसाहेब. चांगल्या दिवशी असलं बोलू न्हाई.”

“मंग उद्या काढा.”

“पौर्णिमेपासून पितृपक्ष लागून राह्यला. पक्षात नवं काही घेत न्हाईत.”

“म्हणजे चांगल्या दिवशी बोलायचं न्हाई, अन् वाईट दिवशी घ्यायचं न्हाई.”

“घटस्थापनेला काढू,” सुमन म्हणाली. “कुठं पळून चाललाय तुमचा विमा?”

बशीरभाईंनी त्यांचा आणि भाभींचा विमा तिथेच काढला. रस्ताभर ते तिला सांगत होते, “तिकीट म्हणजे साडी, वहिनी, अन् हा तिचा फॉल. साडीचा मुहूर्त पाहतात. फॉलचा कोण पाहतं?” सुमन हसत होती. मीही हसलो. घरात तिथीवारांचा कारभार तिचा होता आणि त्यात मी कधी पडत नसे.

घटस्थापनेच्या आधीच, त्याच पक्षात, माझ्या वडिलांच्या तिथीला वडे तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल सुमनच्या पायावर आलं. भाजणं खोलवर गेलं होतं. मांडीची कातडी काढून पावलावर लावावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीनंतरच काय, त्यापुढेही काही महिने लांबचा प्रवास विसरा. दवाखान्यात ती वेदनेने रडली नाही. “माझं विमान गेलं,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बशीरभाई आले. आता हा माणूस ‘मी सांगत होतो’ म्हणणार, याची मी वाट पाहत बसलो. ते म्हणाले नाहीत. त्यांनी सुमनच्या उशाशी मोसंब्या ठेवल्या आणि इतकंच सांगितलं, “आम्ही पण रद्द करून आलो. आम्ही दोघं जाऊन काय करणार? एकमेकांची तोंडं तर जालन्यातच पाहून राह्यलोत.” आपल्या मर्जीने जाणं रद्द केलं तर विमा एक रुपया देत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं, तर माझ्यावरच खेकसले, “सर, फॉल माझा अन् साडीपण माझी. तुम्ही जल्दी वहिनीला चालती करा.”

सुमन काठी घेऊन चालायला लागली तेव्हा लग्नसराई सुरू झाली होती. एकदा आम्ही दुकानावर गेलो, तर ते माळ्यावरून गठ्ठा घेऊन उतरले आणि छातीवर हात ठेवून बसून राहिले. कपाळावर घाम होता. सुमनने विचारलं, तेव्हा कळलं की बरेच दिवस असं होतंय. आजच दाखवून या, म्हणून ती मागे लागली. “दाखवतो की,” ते म्हणाले. “एवढी लग्नसराई निघू द्या, वहिनी. ऐन सीझनला गल्ला सोडून कसा जाऊ?”

उभ्या जालन्याला ‘नंतर’ म्हणू न देणारा माणूस स्वतःच्या छातीला मात्र ‘नंतर ये’ म्हणत होता. सुमनने दोनचारदा आठवण करून दिली. प्रत्येक वेळी त्यांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. सराई संपायच्या आत, गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडता उलगडता, ते तक्क्यावर कलंडले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्यांचा मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

यंदाच्या सर्वपित्री अमावास्येला सुमनने एक पान जास्तीचं वाढलं. त्यावर वडे जरा अधिकच होते, कारण बशीरभाईंना ते आवडायचे आणि दरवर्षी या दिवशी त्यांच्याकडे डबा जायचा. डबा या वेळीही गेला, जुबेदाभाभींसाठी. दुपारी तो परत द्यायला भाभी आल्या, तर सुमन जायच्या तयारीने बसलेली. आम्हा दोघांना घेऊन ती सहलीच्या ऑफिसात गेली. श्रीलंकेची तीन तिकिटं काढली, खिडकीची जागा मागून घेतली, आणि ऑफिसातल्या माणसाने तोंड उघडायच्या आत म्हणाली, “विमापण आजच काढा. तिघांचा.”

तो ओळखीचा होता, मागचं सगळं त्याला ठाऊक होतं. जरा चाचरत म्हणाला, “काकू, पक्ष आहे. उद्या घटस्थापना. विमा उद्या काढला तरी चालतंय. तुम्ही पक्षात नवं काही घेत न्हाई ना?”

“नवं कुठं घेऊन राह्यले?” सुमन म्हणाली. “मागच्या साली राह्यलेलं हाये ते.”

भाभींनी पदर डोळ्यांना लावला. सुमनने त्यांचा हात धरला आणि त्या माणसाला म्हणाली, “काढ तू.”