शेपटाची रांग

"सही मी करणार नाही, हे तुला मंगळवारी सांगितलं, काल सांगितलं, आणि आज तिसऱ्यांदा सांगतेय," ओडेसा म्हणाली. तापलेल्या लोखंडी कंगव्याने ती नातीचे केस सरळ करत होती. जोनेल स्टुलावर मान खाली घालून बसली होती, कान हाताने दुमडून. "दोन तास घालवून मी हे केस बसवायचे आणि उद्या हिने ते तुझ्या त्या डबक्यात बुडवून पुन्हा कुरळे करायचे?"

"डबकं नाही, पोहण्याचा तलाव आहे. आणि केस पुन्हा बसवता येतात," वॉर्डेल म्हणाला.

"तू बसवणार आहेस?"

वॉर्डेलने पावासारख्या गरम बिस्किटावर सिरप ओतलं. मिठाच्या बरणीखाली पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म तीन दिवस तसाच पडून होता. कागदोपत्री पालक म्हणून तिथे सही लागणार होती ती ओडेसाची, कारण त्यांची मुलगी, जोनेलची आई, अटलांटात नोकरीला होती आणि जोनेलला सहा वर्षं ओडेसानेच वाढवलं होतं.

चाळीस फॉर्म लागणार होते. शनिवारी दुपारी बारापर्यंत चाळीस मुलांची नावं आली नाहीत, तर नगरपालिका त्या जागेवर गाड्या लावण्याचा तळ करणार होती. आज शुक्रवार होता, नावं तेवीस होती, आणि स्वतःच्या घरातलं चोविसावं वॉर्डेलला मिळत नव्हतं.

"तुझ्या त्या पाच भावांना सांग की आपापली नातवंडं बुडवा," ओडेसा म्हणाली. "तू शेपूट आहेस, शेपटासारखा मागे राहा."

शेपूट ही शिवी नव्हती. टॅलमन गावातल्या अर्ध्या लोकांना वॉर्डेल पेटवे याच नावाने माहीत होता. पंच्याहत्तर सालच्या वसंतात कॉलेजच्या बंधुमंडळात, जिथे सभासद एकमेकांना जन्मभर भाऊ मानतात, सात पोरं एकदम घेतली गेली, तेव्हा त्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. सगळ्यांत बुटका होझिया क्रेनशॉ, म्हणून तो एक नंबर. सगळ्यांत उंच वॉर्डेल, तो सात नंबर, रांगेचं शेपूट. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. आठ आठवडे ती पोरं जेवायला, वर्गात, चर्चमध्ये त्याच रांगेत गेली, आणि मग तो नंबर जन्मभराचा झाला. होझिया पुढे जज्ज झाला, तीन नंबरचा बीम दातांचा डॉक्टर, पाच नंबरचा हायस्कूलचा मुख्याध्यापक. पण ते कुठेही भेटले की आजही उभे राहायचे ते नंबराप्रमाणेच, मग ते लग्न असो की मयत. चार नंबरचा रूफस नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याची जागा ते मोकळी ठेवत. पाच नंबरवाला हात पुढे करून नुसता हवेत धरायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ओडेसाने तोंड फिरवून डोळे पुसले होते आणि घरी येऊन म्हणाली होती की असला खुळेपणा तिने जन्मात पाहिला नाही.

सातांपैकी पदवी न मिळालेला एकटा वॉर्डेल. तिसऱ्या वर्षी बाप वारला आणि तो गावी परतला, पाणीखात्यात नळ दुरुस्तीला लागला. मंडळाचा हिरवा कोट त्याने नीट घडी घालून होझियाला पोस्टाने परत पाठवला. आता आपण त्यांच्यातले नाही, असं त्याला वाटलं. पुढच्या रविवारी सहाही जण एका मोडक्या गाडीत कोंबून दारात हजर झाले. होझियाने अंगणात त्याला कोट चढवला आणि विचारलं, "शेपूट कापून कुठलं जनावर पुढे चालतं रे?" नवी नवरी ओडेसा सगळ्यांना पुरेल इतका मासा तळत राहिली. त्या दिवसापासून आपलं लग्न सात जणांशी झालंय, असं ती सांगते.

तलावाची कल्पना वॉर्डेलची. त्याच जागी पूर्वी फक्त गोऱ्यांसाठीचा तलाव होता; चौसष्ट साली काळ्या मुलांनाही आत घ्या असा कोर्टाचा हुकूम आला, तेव्हा गावाने तो मातीने भरून टाकला. माती वाहणाऱ्या मजुरांत वॉर्डेलचा बापही होता. दोन उन्हाळ्यांनी वॉर्डेलचा धाकटा भाऊ क्लिऑन ओढ्यात बुडाला, आठ वर्षांचा. उकडत होतं आणि पोहायला दुसरी जागा नव्हती. काठावर वीस-पंचवीस माणसं होती. पोहता येणारं त्यांत एकही नव्हतं. दहा वर्षांची ओडेसाही काठावर होती. गावातल्या आयाबाया तेव्हापासून मुलांना पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. वॉर्डेल स्वतः चौतीस वर्षं पाण्याच्या नळात हात घालून जगला, पण गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी उतरला नव्हता.

निवृत्त झाल्यावर मंडळाच्या बैठकीत तो म्हणाला, माती उपसू. जज्जने चाळीस मुलांच्या अटीवर नगरपालिकेकडून जागा सोडवून घेतली, मुख्याध्यापकाने पोरं आणली, बीमने दात काढता काढता अर्ध्या जिल्ह्याकडून सिमेंट उकळलं. खाली जुने नळ कुठून कुठे गेलेत ते फक्त वॉर्डेलला माहीत होतं. तीन वर्षं तो सकाळी सहाला फावडं घेऊन जायचा. तळाचा उतारही त्यानेच ओतला होता.

शनिवारी सकाळी दहा वाजता गाव लोटलं. पण कुंपणाच्या आत कोरडी मुलं आणि त्यांच्या मनगटांना धरून उभ्या राहिलेल्या आया, असंच चित्र होतं. जोनेल चर्चच्या फ्रॉकमध्ये, केस चकचकीत. ओडेसाचा हात तिच्या मानेवर.

मंडळाचा एक नियम आहे. मुलांना जे सांगायचं, ते आधी आपण करायचं. म्हणून सहा म्हातारे हिरव्या चड्ड्या घालून पायऱ्यांपाशी आले आणि नंबराने उभे राहिले. पुढे जज्ज, मग दोन, तीन, मोकळी जागा, पाच, सहा, आणि शेवटी वॉर्डेल, डोळे घट्ट मिटलेला. जुनं रांगेचं गाणं सुरू झालं आणि सगळे पाय आपटत पाण्यात शिरले. गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही, हाही नियमच.

सहा शिकलेसवरलेल्या डोक्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की बुटका पुढे घालून आपण खोल बाजूला चाललोय.

दुसऱ्या कडव्याला पाणी जज्जच्या छातीला लागलं. तिसऱ्याला हनुवटीला. तो मान वर करून गातच राहिला. लोक हसू लागले. मग उतारावर त्याचा पाय सटकला आणि गाण्यातला एक आवाज कमी झाला.

पाण्यावर फक्त टक्कल दिसत होतं, मग तेही दिसेना. मागचे चौघे जागच्या जागी थिजले. तेवढ्यात वॉर्डेलने डोळे उघडले. ओडेसाने काठावरून पाहिलं, तो रांग सोडून बाहेर पडला. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या रांगेतून कोणी बाहेर पडलं नव्हतं. मोकळ्या जागेपाशीही न थांबता, पाणी छातीला लागलं तरी तो चालत राहिला, खाली वाकला, आणि त्याने जज्जला काखेत धरून वर काढलं, खोकणारा, थुंकणारा, पण जिवंत. जीवरक्षक पोरगी उडी मारून तिथवर पोचली, तोवर काम झालं होतं.

"इथे पाच फूट आहे," वॉर्डेल म्हणाला. "मीच ओतलाय तळ. नुसतं उभं राहायचं होतं, होझिया."

"तू उभा राहू शकतोस, लांबड्या," जज्ज खोकत म्हणाला.

"मग आता माझ्या मागे चाला. शेपूट पुढे."

हुकूम द्यायचा अधिकार एक नंबरचा. जज्जने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग जाऊन सगळ्यांच्या मागे उभा राहिला. सहा नंबरने वॉर्डेलच्या खांद्यावर हात ठेवला. वॉर्डेलने गाणं जिथे तुटलं होतं तिथून उचललं, आणि उलटी रांग छातीभर पाण्यातून काठाकडे निघाली, रूफसची जागा मध्ये तशीच मोकळी ठेवून. आता डोळे मिटलेले नव्हते. काठावर जज्जची बायको एकाच वेळी रडत आणि शिव्या देत होती, बाकी सगळं कुंपण टाळ्या वाजवत होतं.

रांग पायऱ्यांपाशी गुडघाभर पाण्यात आली, तेव्हा शेवटी, जज्जच्या मागे, एक लहान हात आला. जोनेल होती. फ्रॉकसकट. ओडेसाला मानेवरचा हात कधी सुटला ते कळलंच नव्हतं.

मग मुलं थांबेनात. बारा वाजता मुख्याध्यापकाने ओल्या हातांनी फॉर्म मोजले, तर एकसष्ट भरले. बीम म्हणाला की नगरपालिकेने गाड्या आता चंद्रावर लावाव्यात.

रविवारी चर्चनंतर जेवणाला जज्ज आणि त्याची बायको होती. ओडेसाने मासा वाढला, कोबी वाढली, पीचचा गोड पदार्थ मध्ये ठेवला. कालपासून ती जवळजवळ बोललीच नव्हती. जोनेलच्या केसांचं पुन्हा घरटं झालं होतं आणि ते तिने तसंच राहू दिलं होतं. वॉर्डेल खाली मान घालून जेवत होता. बोलणी कुठल्या दिशेने येतील याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"त्या दिवशी ओढ्याच्या काठावर मी ओरडत उभी होते," ओडेसा अचानक म्हणाली. "काल पुन्हा तशीच उभी होते. सत्तावन्न वर्षांनी. तेच केलं मी, ओरडले."

जज्जने काटा खाली ठेवला.

तिने मिठाच्या बरणीखालून कागद काढून टेबलावर ठेवले. एक नव्हता, दोन होते. जोनेलच्या फॉर्मवर तिची सही होती. दुसरा मोठ्यांच्या वर्गाचा होता, आणि त्यावर नाव होतं ओडेसा पेटवे, वय सदुसष्ट.

"मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला मी घरात नसेन," ती म्हणाली. "नाश्ता ज्याचा त्याने करून घ्यायचा."