फक्कीची रेघ

शालन कालव्याकडेचा रस्ता झाडायची. हडपसरच्या बाजूला कालव्याच्या भरावावर फरशा घालून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एकच रस्ता केला होता. तो झाला तेव्हापासून ती ठेकेदाराकडून तिथेच होती. तिचा नवरा दशरथ याच रस्त्याने सायकलवर कामाला जायचा. कारखाना बंद पडल्यावर तो एका आयटी पार्कात माळी म्हणून लागला होता.

रोज सकाळी तो तिच्या शेजारून जायचा आणि ओळख दाखवायचा नाही. हाक नाही, घंटी नाही. मान ताठ, सायकल सरळ. शालनला वाटलं, बायकोच्या हातातला झाडू याला खुपतो. रागाने तिने आठवडाभर डब्यात नुसती चटणी-भाकरी घातली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

मग एकदा जेवताना तिच्या ध्यानात आलं, की हा बोलताना आपल्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघतो. ताटातली मिरची त्याला सापडत नव्हती, पण दाराकडून सरकलेलं मांजर बरोबर दिसायचं. शेजारच्या दुर्गाबाईच्या आईचं असंच झालं होतं. "डोळ्याचा पडदा गेला की मधलं गिळतं नि कडेचं ठेवतं," दुर्गाबाई सांगायची. "चष्म्यानं भागत नाही बाई त्याला."

तेव्हा शालनला तो दिवस आठवला. दशरथ भर दुपारी घरी आला होता, जिलबी घेऊन. डोळ्यांतल्या बाहुल्या ही एवढाल्या झालेल्या, उजेडाकडे बघवत नव्हतं. "काय झालं?" तर म्हणाला, "खताची पूड गेली डोळ्यात. जिलबी खा गरम हाय तंवर." डोळ्यांच्या दवाखान्यातून, थेंब घालून येताना माणूस जिलबी कशाला आणतो, हे तिला आता कळलं.

ती काही बोलली नाही. दशरथच्या आधी त्या आयटी पार्कात माळीकाम करणारा सीताराम त्यांच्याच चाळीत राहायचा. त्याला कमी दिसतं हे कळलं, तसं ठेकेदाराने त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. वर्षाच्या आत सीताराम भिंतीला टेकून जेवणाची वाट बघणारा होऊन गेला. सून ताट आदळायची, तेव्हा कुठे त्याला कळायचं जेवण आलं. दशरथचे हात अजून शाबूत होते. गुलाबाचं कलम तो बोटांनी करायचा. कामाला जाणं एवढंच अवघड होतं.

शालनने ते सोपं केलं. तिच्या ठेकेदाराच्या गोदामात मैदानं आखायची पांढरी फक्की पोत्यांनी पडून होती. झाडून झालं की ती रस्त्याच्या कडेने फक्कीची रेघ ओढू लागली, पार चौकापर्यंत. समोरचं न दिसणाऱ्याला कडेची रेघ दिसते. दशरथ त्या रेघेला चाक धरून बैलगाडीच्या चालीने जायचा. सायकलचं मडगार्ड खडखडायचं, त्यामुळे माणसं आपोआप बाजूला व्हायची. पुढचा चौक तो सायकल हातात धरून, गर्दीच्या संगतीने ओलांडायचा.

"शालनबाई, रोज रोज कोण मंत्री येणार हाय का हिकडनं?" मुकादम सर्जेराव म्हणाला.

"म्हाताऱ्यांना कड कळत नाही, साहेब. उद्या एखादा कालव्यात गेला, तर तुमच्याच गळ्यात येईल."

सर्जेरावाने फक्की बंद केली नाही. फिरायला येणारे काका टोपी सावरत म्हणाले, "वा! रेघ आली. आता पुण्याचं सिंगापूर व्हायला एक खड्डा तेवढा बुजवायचा राहिला."

रेघेबद्दल दशरथ घरी कधी बोलला नाही. तीही नाही. ती कुणाची हे त्याला ठाऊक होतं की नाही, हे तिला अखेरपर्यंत कळलं नाही.

पाडव्याला मुलाने, रविराजने, बॅटरीवरची सायकल आणली. तो हिंजवडीला नोकरीला होता. त्याने जुनी सायकल आल्या आल्याच भंगारवाल्याला देऊन टाकली.

"अण्णा, आता पाय दुखायचं टेन्शनच नाही. जरा पेडल मारा, बाकी मोटर बघते. हे हेल्मेट. हा लाइट. फुल सेफ्टी!"

"मला जुनीच बरी होती रे," दशरथ सायकलच्या शेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाला.

"का पण? कारण तरी सांगा."

कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. दशरथने हेल्मेट डोक्यावर चढवलं. शालन चकलीच्या डब्याचं झाकण लावत राहिली. ते दोनदा वाकडं बसलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी त्याच्या आधी निघाली. रेघ ओढली. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. अंगात कामावरचं नारिंगी जॅकेट होतं, लांबून डोळ्यात भरेल असं. तिला त्याला थांबवायचं होतं. हाक मारली असती तर तो थांबलाही असता. पण तिच्या मनाने घेतलं, बघू तरी, एवढी भगभगीत उभी राहिल्यावर दिसते का मी याला.

नवी सायकल खडखडत नव्हती. वाऱ्यासारखी आली. शालन बाजूला झाली, पण उशिरा. हँडल तिच्या मनगटावर बसलं. सायकल डगमगली, सावरली, पुढे गेली.

"ओ बाई! रस्ता काय बापाचा हाय का?" दशरथ न थांबता ओरडला. "डोळे फुटले काय?"

ती मनगट धरून रेघेवर बसली. फक्की लुगड्याला लागली.

संध्याकाळी रविराज ताटावरच म्हणाला, "मग अण्णा, कशी वाटली?"

"झकास. एक बाई आडवी आली, तेवढंच. आंधळ्यागत मधी उभी." दशरथ हसला. भाताला हात लावून म्हणाला, "आज भाकरी नाही?"

"हातानं थापवत नाही," शालन म्हणाली.

"का गं?"

रविराज बाहेर जायची वाट तिने बघितली नाही. दोघंच असते, तर दशरथने तिला गप्प बसवलं असतं आणि ती बसलीही असती.

"ती बाई मी होते."

"काय बोलतेस आई?" रविराजचा घास हातातच राहिला. "जॅकेट नव्हतं घातलंस?"

"घातलं होतं."

रविराजने बापाकडे बघितलं. दशरथ शालनच्या कानाकडे बघत होता. मग त्याने मान हळूहळू फिरवून तिचं तोंड कुठे सापडतं का बघितलं. नाही सापडलं.

"लई लागलं का?"

"हाड नसंल मोडलं."

दशरथने ताटात उरलेली शितं बोटाने चाचपून गोळा केली, खाल्ली.

"उद्या डबा भरू नको," तो म्हणाला.

मग ताट घेऊन उठला. मोरीकडे जाताना त्याने भिंतीला हात लावला आणि तो तसाच सरकवत गेला. इतके दिवस लावत नव्हता.