खंडेनवमीची काडतुसं

माझ्या दाजींना दोन नाद. एक शेअर मार्केट, आणि दुसरा गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा. पहिल्या नादात त्यांनी मला कधी जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्यात येऊ दिलं, तिथंच चुकलं त्यांचं.

मी आठवी नापास. तेही दोनदा, म्हणजे चांगली मेहनत घेऊन. साताऱ्यात मिठाईच्या दुकानात लाडू वळायचो. ताईनं कागदपत्रं करून मला इकडं अमेरिकेत अल्फारेटाला आणलं, स्वतःच्या घरात खालची खोली दिली. इंडियन ग्रोसरीत मी भाज्या मांडतो. काम झकास आहे, भेंडीला इंग्लिश येत नाही. दाजी कंप्युटरमध्ये मोठे साहेब, पुण्याचे. ताईपण कंप्युटरमध्येच. घरात मी सोडून सगळं स्मार्ट आहे, फ्रीजसुद्धा.

सुट्टीच्या दिवशी दाजी गॅरेजमध्ये टेबल मांडून बसायचे आणि मी मागे उभा राहून फालतू प्रश्न विचारायचो. एकदा वैतागून म्हणाले, "उभा राहण्यापेक्षा बस आणि प्रायमर बसव."

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाला बसते ती पितळी टिकली. आपल्याकडं दिवाळीच्या पिस्तुलात टिकल्या असतात ना, तोच प्रकार, फक्त ही खरी. मसुराएवढी वाटी. वाटीच्या तळाला चिमूटभर मसाला वाळवून बसवलेला, आणि त्याच्यावर तीन पायांची इवलीशी ऐरण. बंदुकीची पिन वाटीला बाहेरून ठोका देते, मसाला वाटी आणि ऐरणीच्या मधे चिरडतो, ठिणगी उडते, ती भोकातून आतल्या दारूत जाते. पुढचं सगळ्या जगाला ऐकू येतं.

"चिरडला की पेटतो," दाजी म्हणाले होते, "म्हणून जबरदस्ती करायची नाही. दाबत जायचं. ऐरणीचे पाय तळाला टेकले की हाताला कळतं. मग वरून बोट फिरवायचं. टिकली केसभर आत पाहिजे. वर राहिली तर परत माझ्याकडं. उलटी बसली तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची. चष्मा काढायचा नाही. आणि हात कोरडे, तेलाचं बोट चालणार नाही."

बाकी सगळं मी देवाच्या शपथेसारखं पाळलं. तेलाचं मात्र मला वाटलं, पुणेरी स्वच्छता असेल. ते मोबाईललापण खाल्लेल्या हातानं शिवू देत नाहीत.

टिकल्या एका खरबरीत ताटलीत ओतायच्या आणि पाखडल्यासारखी ताटली हलवायची, की सगळ्या आपोआप सरळ होतात. मग हातातल्या चिमट्यासारख्या यंत्रात एकेक टिकली घ्यायची, वर रिकामं काडतूस धरायचं आणि मूठ आवळायची. मला ते जमलं. लाडू वळलेल्या हाताला दाब कळतो. दारू घालणं, गोळी बसवणं हे दाजी स्वतः करायचे, दार लावून. पण टिकल्या माझ्या. दोन वर्षं एक तक्रार नाही. ग्रोसरीत मी सगळ्यांना सांगायचो, आपण अम्युनिशन लाइनमध्ये आहोत. एक काकू तेव्हापासून माझ्याकडून कोथिंबीर घेत नाहीत.

गेल्या खंडेनवमीला ताई म्हणाली, "घरात शस्त्र आहे तर पूजा नको का करायला? यांना काही पडलेली नाही. तू कर."

मी केली. रिव्हॉल्वर दाजींच्या तिजोरीत बंद, म्हणून मी टेबलाचीच पूजा केली. यंत्राला हळदकुंकू, दारूच्या डब्याला हळदकुंकू, ताटलीत टिकल्या होत्या त्यांच्यावर अक्षता आणि पळीभर पाणी शिंपडलं. झेंडू वाहिला. तुपाचं निरांजन लावलं आणि ठेवलं कुठं, तर दारूच्या डब्याशेजारी, छान उजेड पडतो म्हणून.

दाजी कॉलच्या मधे कॉफीला खाली आले. दारात थांबले, मग आत आले. दोन्ही हातांनी निरांजन उचललं, झोपलेल्या पोराला उचलतात तसं, आणि चालत चालत पार रस्त्यावर नेऊन ठेवलं. परत आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"डबा बंद होता म्हणून वाचलो," एवढंच म्हणाले. मग घड्याळ बघितलं. "हे सगळं पुसून घे. आणि टिकल्या बसवून ठेव, शनिवारी रेंजवर नेमबाजीला जायचंय. तुझी ताईपण येते म्हणतेय."

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की ठरवलं, असं लख्ख करायचं की दाजी खूश झाले पाहिजेत. शेल्फवर गंज घालवायचा स्प्रे होता. फडक्यावर मारला, यंत्र पुसलं, डबा पुसला, ताटली पुसली. टिकल्यांना कुंकवाचे शिंतोडे होते, म्हणून त्यापण त्याच फडक्यात चोळल्या. अशा चमकल्या की सोनाराकडं न्याव्यात. मग त्याच हातांनी बसवल्या. मूठ आवळायची, बोट फिरवायचं. सगळ्या केसभर आत. रात्री दाजींनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "व्वा."

ते व्वा मी अजून विसरलो नाही.

शनिवारी रेंजवर आभाळ भरून आलेलं. पाच-सहा जण आपापल्या टेबलावर ठो ठो करत होते. सगळ्यांच्या कानांवर मोठे कप, आम्हीपण घातले. कप घातले की आवाज लांबून येतो, शेजारच्या घरात कोणीतरी दारं आपटतंय असा. दाजींनी ताईच्या हातात रिव्हॉल्वर दिलं, सहा घरांचं. ताईनं पहिल्या दोन गोळ्या मस्त मारल्या. गोळी सुटली की तिचं मनगट वर उडायचं आणि ती लहान मुलीसारखी हसायची. मी पिवळ्या रेघेच्या मागे, जणू लाडूंना बक्षीस मिळालंय असा उभा.

तिसऱ्याला नुसता खट्ट आवाज.

दाजींनी लगेच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हलू नकोस. समोरच धरून ठेव. कधीकधी उशिरा पेटतं."

ताईनं धरून ठेवलं. नळीचं तोंड समोरच्या मातीच्या ढिगाकडं. पेटलं नाही. दाजींनी ते काडतूस काढलं, कप सरकवले आणि माझ्याकडं आले.

"पिनचा ठोका बघ, बरोबर मधोमध आहे. मग पेटली का नाही? तेलबिल लागलं होतं का रे?"

"छे हो दाजी, तेल मी डोक्यालापण लावत नाही."

ते हसले. मीपण हसलो. हसताना ते स्प्रेचं तेलकट फडकं आठवलं.

"तेलानं पार मेलेली टिकली परवडते," दाजी म्हणाले, "अर्धमेली नको. ती दारूला धड पेटवत नाही. गोळी नळीत जाते आणि मधेच अडकून बसते. बाहेरून काही कळत नाही. मागून दुसरी मारली की नळी फुटते. हातात."

असं सांगून ते परत गेले. कप कानांवर.

मला सांगायचं होतं. खरंच होतं. पण दोन वर्षांत त्या घरात मला एकच काम धड येत होतं. तेवढ्यात ताईनं दाबलं आणि गोळी सुटली, मनगट उडालं. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरतो गाढवा. एकच खराब असेल. घरी गेल्यावर सांगू, जेवण झाल्यावर.

तिनं परत दाबलं. तेव्हाच बाजूच्या टेबलावर कोणीतरी मोठ्या रायफलचा बार काढला. सगळे आवाज त्यात बुडाले. पण मी आवाज ऐकत नव्हतो, ताईचा हात बघत होतो. हात उडाला नाही. रिक्षावाल्याला रस्ता दाखवावा तसा सरळच राहिला.

दाजी वाकून दुर्बिणीत डोळा घालून कागदावर भोक शोधत होते. ताईला वाटलं, झाली गोळी. तिनं अंगठ्यानं घोडा मागे ओढला. शेवटचं घर फिरून नळीसमोर आलं.

"ताई! ताई थांब!" मी ओरडलो. सगळ्यांच्या कानांवर कप. मागून धरावं तर तिचं बोट चापावर, दचकली तर काय दाबेल सांगता येत नाही. रेंजवरच्या पहिल्या दिवशी दाजींनी मला दोन इंग्लिश शब्द पाठ करायला लावले होते, इथं कोणीही ओरडला तरी सगळे थांबतात म्हणून. छातीतून आले ते.

"सीज फायर! सीज फायर!"

रेंजवर लक्ष ठेवणाऱ्या लाल टोपीवाल्या म्हाताऱ्या ऑफिसरनं ऐकलं आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. एकेक टेबल बंद पडलं. सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. ताईचं बोट चापावरून बाहेर आलं होतं, पण घोडा वरच. दाजींनी तिच्या मुठीतून रिव्हॉल्वर हळूच घेतलं, घोडा अंगठ्यानं धरून खाली उतरवला, बाजूचं चक्र उघडलं आणि काडतुसं ओतली.

"काय झालं?"

"तेलाचा हात माझा होता दाजी," मी म्हणालो. "स्प्रेनं पुसल्या मी टिकल्या. आणि आत्ता ताईचा हात उडाला नाही."

ऑफिसरनं एक पितळी सळई आणून दाजींना दिली. त्यांनी ती नळीच्या तोंडातून आत घातली. सळई सरसर गेली आणि अर्ध्यावर टक्क करून थांबली. दाजींनी परत काढून परत घातली, जणू दुसऱ्यांदा वेगळं उत्तर येईल. परत टक्क.

"म्हणजे मी अजून एकदा दाबलं असतं तर..." ताई म्हणाली.

दाजींनी ताईचा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून बघितली. ताई म्हणाली, "अहो, सगळी आहेत." तरी सोडला नाही. गाडीत बसेपर्यंत धरून होते.

घरी आल्यावर दाजींनी गॅरेजमध्ये चष्मा लावला आणि उरलेली काडतुसं माझ्यासमोर टेबलावर ओतली. ह्या वेळची, मागच्या वेळची, सगळी एकाच डब्यात ठेवलेली.

"ह्यातली पुसलेली कुठली?"

मी वाकून बघितलं. एकेक उचलून उजेडात धरली, बोट फिरवलं. सगळ्या टिकल्या गोल, सगळ्या केसभर आत, सगळ्या एकसारख्या चमकत होत्या.

"कळत नाही दाजी."

"मलाही नाही," ते म्हणाले आणि पहिलं काडतूस सुटं करायला घेतलं. "तू लांब उभा राहा."