‘इतर’ न मानणाऱ्या कप्पेबाई

‘तुम्ही कोणाच्या?’ हा प्रश्न नाशकात बाईमाणसाला कोणीही विचारतो. किराणा दुकानदार विचारतो, रिक्षात शेजारी बसलेली मावशी विचारते, नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही विचारतो. कप्पेबाईंना तो विचारला की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, विचारणाऱ्याकडे रोखून पाहायच्या आणि म्हणायच्या, “कोणाची ते सोडा. मी काय करते ते विचारा.” बहुतेक जण तिथेच गार व्हायचे. मी विचारलं, आणि पुढची पंधराएक वर्षं त्यांच्या तावडीत राहिलो. मला त्याचं अजून बरं वाटतं.

सातपूरच्या आम्हा छोट्या कारखानदारांच्या संघटनेची एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे माडीवरची एक खोली, खालच्या लेथच्या आवाजानं सारखी थरथरणारी. मुंबईच्या पेटंट कचेरीत बरीच वर्षं काढून, नवऱ्याला आणि नोकरीला एकाच सुमाराला रामराम ठोकून बाई नाशकात परतल्या आणि त्या खोलीत बसल्या. दर आठवड्याच्या राजपत्रात मंजुरीच्या वाटेवरच्या पेटंटांची माहिती छापून येई. ती कापायची आणि भिंतभर लाकडी कप्प्यांत जिथल्या तिथे लावायची, हे त्यांचं काम. म्हणून कप्पेबाई. खरं नाव शकुंतलाबाई. आडनाव लिहीत नाही. त्यांनी ते घराच्या दारावरही लावलं नव्हतं.

जगातली झाडून सगळी पेटंटं आठ विभागांत बसतात, हे त्यांनी मला पहिल्या भेटीत चहा यायच्या आत सांगून टाकलं. ए म्हणजे माणसाच्या रोजच्या गरजा, शेतीपासून खेळण्यांपर्यंत. बी म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या क्रिया आणि वाहतूक. असं करत करत एच म्हणजे वीज. विभागात वर्ग, वर्गात उपवर्ग, त्यांच्या पोटात गट. ही आंतरराष्ट्रीय पद्धत. शिवाय आपली जुनी देशी पद्धत होती, आकड्यांची, आणि राजपत्रात एकाच पेटंटाला दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी छापलेले असत. माझा चेहरा बघून बाई म्हणाल्या, “एवढं काय घाबरतोस? देशी क्रमांक म्हणजे माहेरचं नाव, आंतरराष्ट्रीय म्हणजे सासरचं. बाई तीच. ती ओळखता आली पाहिजे.” स्वतः त्यांनी सासरचं नाव मुंबईलाच सोडलं होतं.

या सगळ्या व्यवस्थेत त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. जागोजागी ‘इतरत्र न बसणारे’ असा एक गट असतो. “इतर म्हणजे आळशी माणसाची सोय,” त्या म्हणत. एका वर्षी संघटनेच्या अहवालात कारकून, शिपाई, वॉचमन अशी नावं छापून झाल्यावर बाईंचं नाव ‘इतर’ या मथळ्याखाली आलं. बाई तडक सेक्रेटरींच्या केबिनमध्ये. “वस्तू बसत नसेल तर कप्पा बदलतात, वस्तू कापत नाहीत. तिकडे जिनिव्हाला दर काही वर्षांनी माणसं बसतात आणि कप्पे नव्यानं पाडतात. ते अख्ख्या जगासाठी करतात, तुम्हाला एका बाईसाठी होत नाही?” सेक्रेटरींना जिनिव्हा नकाशातही सापडलं नसतं. त्यांनी सगळ्या प्रती परत मागवून प्रत्येकीवर पेनानं ‘ग्रंथपाल’ लिहिलं.

माझं प्रकरण नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. मी कांदा निवडायचं यंत्र केलं होतं. दोन लांब फिरते रोलर, एका टोकाला जवळजवळ, दुसऱ्या टोकाला फाकलेले. कांदा वरून घरंगळत जाई. बारीक गोल्टी आधी खाली पडे, मोठा माल शेवटी. पिंपळगावचे व्यापारी खूश होते. “लय भारी काम हाय तुमचं, शेठ,” असं म्हणत एकानं माझ्या यंत्राला हारही घातला होता. आणि एका सकाळी बाईंनी मला माडीवर बोलावून राजपत्राचं कात्रण पुढे केलं. मुंबईच्या एका बड्या कंपनीनं अगदी अशाच यंत्रावर पेटंट मागितलं होतं. त्यांचा अर्ज माझ्या पहिल्या यंत्राच्याही आधीचा. सरकारी दप्तरात तो गुपचूप पडून होता आणि आता मान्य झाला होता. पेटंट पक्कं झालं असतं, तर मला माझंच यंत्र करायची बंदी.

मी म्हणालो, “जाऊ दे बाई. खिडक्यांच्या ग्रिलचं काम घेतो.”

“ग्रिलं कोणीही वाकवतो,” बाई कडाडल्या. “राजपत्रात छापतात ते कशाला? कोणाची हरकत असेल तर घ्या म्हणून. मुदत आहे. आपली हरकत आहे.” त्यांनी ‘आपली’ म्हटलं, तेव्हाच मला धीर आला.

हरकत नोंदवली, पण पुरावा हवा होता. हे यंत्र नवं नाही, जगात कुठेतरी आधीच कोणीतरी छापून ठेवलं आहे, असं दाखवायचं होतं. बाई शोधाला बसल्या. शेतीचा वर्ग पालथा घातला, भाजीपाल्यावरच्या यंत्रांचा घातला. कांदे कापणारी, सोलणारी, उपटणारी यंत्रं निघाली. निवडणारं एकही नाही. बाई निफाडकडच्या, कांद्याच्या खळ्यात वाढलेल्या. नाशिकच्या माणसाला कांदा दिसला की त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि याला कप्पेबाईही अपवाद नव्हत्या. पुरावा द्यायची मुदत संपत आली तशा त्या चिडचिड्या झाल्या. शेवटी उठल्या आणि नागपूरला गेल्या. तिथे परदेशी पेटंटांचा मोठा सरकारी साठा होता.

तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. तिथल्या कारकुनानं मोठ्या आदरानं विचारलं, “नाशिककडच्या का बाई? म्हणजे तुम्ही कोण म्हणायच्या?” बाईंनी नेहमीचं उत्तर फेकलं, “कोण ते सोडा, काय करते ते विचारा.” आणि तिथेच खुर्चीत बसल्या.

“अरे विलास,” त्या मला म्हणाल्या, “इतके दिवस मी त्या यंत्राला हेच विचारत होते. तू कोणाचं? कांद्याचं! ते करतं काय, हे विचारलंच नाही. ते जाडीप्रमाणे निवडतं. वर कांदा आहे की धोंडा, हे त्याच्या गावीही नसतं. आणि मी, मी हो, लोकांना शहाणपण शिकवते!” स्वतःवर इतकं संतापलेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. मग त्यांनी शेतीचा विभाग मिटला आणि बी विभागात, घन वस्तू आकाराप्रमाणे वेगळ्या करण्याच्या वर्गात शिरल्या. नदीतली खडी निवडणारं एक जुनं जर्मन यंत्र तिथे होतं. दोन फिरते रोलर, एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला फाकलेले.

मुंबईच्या सुनावणीत कंपनीचे वकील हसले. कुठे खडी, कुठे कांदा? कांद्याच्या धंद्यातला माणूस खडीच्या पेटंटात कशाला डोकावेल? बाईंनी पिशवीतून दोन लाटणी काढली, एक कांदा काढला आणि तेवढाच एक गोदावरीतला गोटा. वकील म्हणाले, “मॅडम, हे स्वयंपाकघर नव्हे.” बाई म्हणाल्या, “स्वयंपाकघर असतं तर एव्हाना समजलं असतं.” लाटणी फाकवून त्यांनी किंचित उतरती धरली आणि मला कांदा सोडायला सांगितला. तो घरंगळत मध्यावर जाऊन पडला. मग गोटा सोडला. तोही तिथेच पडला. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः उठून पुन्हा एकदा करून पाहिलं, आणि तेव्हा मात्र वकील हसले नाहीत.

काही महिन्यांनी कंपनीचा अर्ज फेटाळल्याचं कळलं. मी पेढे घेऊन माडीवर गेलो. बाईंनी एक पेढा उचलला आणि म्हणाल्या, “फार नाचू नकोस. तुझ्या यंत्रात नवं काही नाही, हेच आपण सिद्ध केलंय.” खरंच होतं. वर्षभरात सातपुरात आणि पिंपळगावात चार जणांनी तसंच यंत्र काढलं. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, “मग? कोणी एकानं अडवू नये म्हणून भांडलो ना? तू एकटाच का जाणार होतास त्या रस्त्यानं?”

पुढे पेटंटं संगणकावर दिसू लागली. संघटनेनं लायब्ररी बंद करून तिथे मीटिंग हॉल केला. ते कप्पे भंगारात जाऊ द्यायला बाई तयार नव्हत्या. टेम्पोत घालून त्यांनी ते स्वतःच्या घरी नेले, आणि दोन खोल्यांच्या घरात डाळी, औषधं, दोरे, विजेची बिलं सगळं त्यांत वर्गवार लावलं. मी गेलो की तिथूनच लाडू काढून देत. ‘इतर’चा कप्पा अर्थातच नव्हता.

मग एका दुपारी शेजारणीचा फोन आला. बाईंना दवाखान्यात हलवलं होतं. मी धावत पोचलो तर काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

“कोण ते सोडा. काय करायचं ते सांगा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मुलगा? भाऊ? भाचा?”

मी मान हलवत राहिलो. त्यानं नात्याच्या चौकटीत ‘इतर’ लिहिलं. माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, “ते खोडा.” मागे रांग होती, माणसं कावली होती. तो म्हणाला, “अहो, मग लिहू काय?” मी म्हणालो, “लिहा, यांनी माझा धंदा वाचवला आणि मला बघायला शिकवलं.”

“काका, एवढं बसत नाही त्या चौकटीत.”

बाई त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत. शेवटचे दोन दिवस त्या बोलल्याही नाहीत, त्यामुळे हा प्रसंग त्यांना सांगायचा राहून गेला. सांगता आला असता, तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आधी विचारलं असतं, की मग तू काय केलंस. ‘इतर’ खोडलं जाईपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही, बाई. त्या पोराला म्हटलं, बसत नसेल तर चौकटीबाहेर लिही. आणि त्यानं लिहिलं.