रडवणाऱ्या पुस्तकाला उणे तीन

धुळ्यात देवपूरला एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पंचवीसेक वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत एक काम मला कधीच धड जमलं नाही, ते म्हणजे नवीन पुस्तकांची निवड. विक्रेत्याकडून यादी यायची, मी ओळखीच्या नावांवर खुणा करायची, नेहमीच्या दोन-चार वाचकांना विचारायची आणि यादी पुरी करून पाठवायची. पुढच्या वर्षी कपाटं आवरताना दिसायचं, की त्यातली कितीतरी पुस्तकं कुणी हातातसुद्धा घेतलेली नाहीत. आतल्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नसायचा. कुणी मला जाब विचारत नव्हतं, पण माझं मलाच वाईट वाटायचं.

माझी धाकटी बहीण जळगावला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तीन वर्षांपूर्वी थंडीत मी तिच्याकडे भरीत खायला गेले होते. जेवताना हे सगळं तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की लोक कुठलं पुस्तक वाचून काय म्हणतात हे मी कधी इंटरनेटवर पाहते का. मी म्हटलं, पाहते, पण शेकडो पुस्तकांची पानं एकेक करून कधी उघडणार? त्यावर ती म्हणाली, की तू उघडूच नकोस, तुझ्यासाठी प्रोग्रॅम उघडेल.

दुपारी तिनं मला शेजारी बसवून ते दाखवलं. मराठी वाचकांची एक साइट होती, दोन-तीन हौशी माणसं चालवतात तशी. तिथं प्रत्येक पुस्तकाचं एक पान, त्यावर वाचकांनी दिलेले तारे आणि खाली त्यांचे अभिप्राय. बहिणीनं लिहिलेला प्रोग्रॅम यादीतलं पुस्तकाचं नाव घ्यायचा, ते पान उघडायचा, तारे आणि अभिप्राय उचलून एका तक्त्यात मांडायचा आणि पुढच्या नावाकडे वळायचा. पहिल्या दहा ओळी भराभर भरलेल्या पाहिल्या तेव्हा मला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला. मी तिला म्हटलं, मला नुसतं चालवायला नको, लिहायलाही शिकव. ती हसली, पण शिकवलं तिनं. पन्नाशीला आलेल्या बाईला कंस आणि स्वल्पविराम पुन्हा नव्यानं शिकवणं सोपं नसतं. पुढचे दोन महिने मी दर दुसऱ्या रविवारी एसटीनं जळगावला जात होते. पारोळा येईपर्यंत वहीतलं वाचायचं आणि एरंडोलच्या पुढे डोळे मिटून मनात म्हणून पाहायचं.

वाचनालयात पहिल्यांदा एकटीनं प्रोग्रॅम चालवला आणि घोळ झाला. मी दोन पानांच्या मधे थांबायची सूचना लिहायलाच विसरले होते. प्रोग्रॅम धापा टाकत पानांमागून पानं मागत सुटला आणि काही मिनिटांत त्या साइटनं आमच्यासाठी दार बंद केलं. आमच्या एकाही कॉम्प्युटरवर ती उघडेना. मी घाबरून बहिणीला फोन केला. तिनं आधी मला धीर दिला आणि मग स्वतःची चूक कबूल केली. साइटवाल्यांना न विचारता आपण सुरुवात केली, ते बरोबर नव्हतं, असं ती म्हणाली. मग मी त्यांना पत्र लिहिलं. आम्ही कोण, कशासाठी हे करतो, सगळं खरं खरं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांना राग आला नव्हता. दोन पानांमधे थोडं थांबा आणि वाचकांची नावं उचलू नका, एवढ्या दोन अटी त्यांनी घातल्या. नावं मला नकोच होती. तेव्हापासून सकाळी वाचनालय उघडलं, की मी प्रोग्रॅम सुरू करते आणि तो सावकाश पानं उघडत असतो तोवर वर्तमानपत्रं स्टँडला लावते.

तक्ता भरला तरी एक अडचण होतीच. आपले वाचक तारे देण्यात फार चिक्कू. अभिप्राय मात्र भरभरून लिहितात. म्हणून बहिणीनं एक युक्ती काढली. प्रोग्रॅमला चांगल्या आणि वाईट शब्दांची एकेक यादी द्यायची. अभिप्रायात ‘आवडलं’, ‘सुंदर’, ‘प्रसन्न’ असं काही आलं की एक अधिक, ‘कंटाळा’, ‘त्रास’, ‘रडू’ असं आलं की एक उणे. शेवटच्या रकान्यात बेरीज. त्या रकान्याला मी ‘भाव’ असं नाव दिलं होतं. त्या वर्षी मी त्या रकान्याप्रमाणे यादी लावली, वरची पुस्तकं मागवली आणि खालची काट मारून टाकली. इतक्या वर्षांनी आपण काहीतरी नीट केलं असं वाटत होतं.

आमच्याकडे नरडाण्याजवळच्या एका खेड्यातून एक अक्का येतात. सरकारी आरोग्य केंद्रात आयुष्यभर नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. दर गुरुवारी धुळ्याला येतात, भाजी घेतात आणि दोन पुस्तकं बदलून नेतात. एका गुरुवारी त्यांनी एक पुस्तक मागितलं. डोंगरातल्या खेड्यांमधून काम केलेल्या एका नर्सनं लिहिलेल्या आठवणी. दोंडाईच्याला एका लग्नात कुणीतरी त्यांना त्याबद्दल सांगितलं होतं. मी तक्ता उघडला. ते पुस्तक अगदी तळाशी होतं, उणे तीन.

मी अक्कांना सांगितलं, की ते घेतलेलं नाही, वाचकांचं मत चांगलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि वाचक नेमकं काय म्हणतात ते वाचून दाखवायला सांगितलं. तीनच अभिप्राय होते. मी वाचले. पहिला: “वाचताना खूप रडले.” दुसरा: “या पुस्तकानं फार त्रास दिला, आठवडा झाला डोक्यातून जात नाही.” तिसरा: “शेवट सहन झाला नाही. पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो.”

वाचता वाचताच माझा आवाज खाली आला. अक्का त्यांच्या अहिराणीत शांतपणे म्हणाल्या, “बाई, हाई तक्रार नही शे. मन भरी उनं तं मानूस आसंच बोलस.”

मन भरून आलं की माणूस असंच बोलतो, हे मला आधीच कळायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे म्हणाल्या, “माले हाईच पुस्तक वाचानं शे.”

मला खरंच लाज वाटली. मी स्वतः रडवणाऱ्या पुस्तकांवर वाढलेली बाई. माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकांबद्दल कुणी विचारलं असतं, तर मीही असंच काहीतरी बोलले असते आणि माझ्याच प्रोग्रॅमनं मला उणे दिलं असतं.

त्या रविवारी मी सगळे अभिप्राय कागदावर छापून जळगावला नेले. बहिणीच्या घरी जमिनीवर बसून आम्ही ते एकेक वाचले आणि ढीग केले. जिथं प्रोग्रॅमनं उणे दिलं होतं, तिथं निम्म्याहून जास्त ठिकाणी माणूस खरं तर पुस्तकावर जीव टाकत होता. काही ठिकाणी आमचंच जमेना. एकानं लिहिलं होतं, “संथ आहे, नदीकाठी चालल्यासारखं.” बहीण म्हणाली हा कंटाळा आहे. मी म्हटलं, आमच्याकडे दुपारी येणारे निवृत्त लोक नेमकं असंच पुस्तक मागतात. बराच वेळ वाद झाला. शेवटी तिनं हात टेकले.

“ताई, बेरीज काढून टाकू या. गोळा करायचं काम त्याला दे, वाचायचं तुझ्याकडे ठेव.”

तसंच केलं. शेवटचा रकाना तिनं पुसला. आता प्रोग्रॅम फक्त गोळा करतो आणि रडू, हसू, भीती, संथपणा असे शब्द सापडले तर त्यांच्याखाली रेघ ओढून देतो. अधिक नाही, उणे नाही. रोज सकाळी चहाबरोबर मी वीस-पंचवीस अभिप्राय वाचते. त्यात माझा वेळ जातो, पण हा दिवसातला सगळ्यात आवडीचा वेळ आहे. कुठल्या गावातलं कोण कुठल्या पानावर थांबलं, कुणाला वडील आठवले, कुणाला सासर आठवलं. नावं दिसत नाहीत, माणसं मात्र कळतात.

नर्सच्या आठवणींचं पुस्तक मी मागवून घेतलं. अक्कांनी ते पंधरा दिवस ठेवलं. परत दिलं तेव्हा आत एक वहीचा कागद होता. त्यांनी आपल्या नोकरीतल्या एका बाळंतपणाबद्दल लिहिलं होतं, पुरात, बैलगाडीत झालेल्या. हे त्या साइटवर घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत होतं. नीट करून घालू का, असं मी विचारलं, तर आहे तसंच घाला म्हणाल्या. मी अक्षर न अक्षर तसंच टाइप केलं. खाली फक्त ‘एक वाचक, धुळे’ असं लिहिलं.

काही दिवसांनी त्याखाली आणखी अभिप्राय आले. एक कुठल्या तरी घाटावरच्या गावातून, एक शिरपूरकडे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशा सेविकेचा. अक्का गुरुवारी आल्या की पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येतात आणि मी त्यांना नवीन आलेलं वाचून दाखवते. हळूहळू आणखी दोघं-तिघं ऐकायला थांबायला लागले. मग मी तिथं दोन जादा खुर्च्या ठेवल्या. आता गुरुवारी साडेअकरा वाजले की त्या भरलेल्या असतात, आणि पुढच्या यादीत काय घ्यायचं, ते तिथंच ठरतं.