दोन कंपन्यांचा कॉम्प्युटर

आमच्या घरात मुहूर्ताशिवाय प्लास्टिकची खुर्चीसुद्धा येत नाही. त्यामुळे सुटे भाग आणून गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच जोडायचा, असं मी ठरवलं तेव्हा बाबा आधी कॅलेंडरकडे वळले. "पाडव्याले काय घेतो, अक्षय्य तृतीयेले काय घेतो अन् दसऱ्याले काय, ते सांग." मी म्हटलं, बाबा, हे सगळं एकदमच घ्यावं लागतं, एकमेकांत बसतं की नाही ते पाहावं लागतं. "बसते ना. काऊन नाही बसणार?" विषय संपला. हौस माझी, कमाई माझी, पण मेहकरात बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या घरी पोरानं एकट्यानं काही घेऊन यायची पद्धतच नाही.

पाडव्याला कॅबिनेट, बारीकसारीक सामान आणि मदरबोर्ड आणला. मदरबोर्ड म्हणजे बाकीचं सगळं जिच्यावर बसवायचं ती पाटी. मी गाडी लावून आत येईपर्यंत आईनं खोका फोडून ती देवासमोर ठेवली होती आणि प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनाच्या बरोब्बर मधोमध हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं. मी ओरडलो. आई म्हणाली, "ट्रॅक्टरले लावलं होतं, तो त चालला ना!" मी ब्रश घेऊन कुंकू झटकायला बसलो, तर ते आणखी आत गेलं.

अक्षय्य तृतीयेला नेमका मी तापानं फणफणलो. बाबा दुकानाचा माल आणायला खामगावला निघाले होते, म्हणाले, प्रोसेसर मीच आणतो. नाव मी त्यांच्या मोबाईलवर पाठवलं. ते आले तसा आईनं तो डबा लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवला आणि बजावलं, सगळं सामान जमेपर्यंत हात लावायचा नाही. ग्राफिक्स कार्ड राहिलं दसऱ्यावर. मधले सगळे महिने रिकामं कॅबिनेट माझ्या खोलीत उभं, आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे. येणारा-जाणारा विचारायचा, "नवा कूलर घेतला काय?" डोक्याचा नुसता भुगा.

श्रावणात बंगळुरूहून ताई आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. पण ही फार आधी आली होती. मागच्या वेळेस तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना नाही, काम नाही, उशीला टेकून पडून राहायचं. जी ताई घरात एका जागी बसलेली मी कधी पाहिली नव्हती, ती पोटावर हात ठेवून दिवसभर पंख्याकडे बघत पडून असायची. त्यात शेजारच्या बाया यायच्या आणि कोणाचं कितव्या महिन्यात काय बिघडलं त्याच्या कहाण्या सांगून जायच्या. यांना बोलावतं कोण, देव जाणे!

एका दुपारी ती म्हणाली, "तुहा कॉम्प्युटर कधी होते बे? टीव्हीले लावू, दोघं खेळू पहिल्यासारखं. खेळताना मले कशाचं भेव वाटत नाही." लहानपणी आम्ही एकाच पडद्यावर खेळायचो आणि ती माझ्याच बाजूची असून मला मागून गोळ्या घालायची. मी म्हटलं, गेला मुहूर्त खड्ड्यात. सरळ देवघरात जाऊन फडकं सोडलं. डबा पाहिला. उलटा करून पाहिला. कंपनीच दुसरी! एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या पाटीत बसतच नाही, खाचच निराळी असते.

तसाच दुकानात गेलो. बाबा उलट खुशीत. "मुद्दाम घेतला मी. तुही पाटी एका कंपनीची होती ना, म्हणून हा दुसऱ्या कंपनीचा. सगळं वावर एकाच कंपनीच्या बियाण्यावर सोडाचं नसते बे. एक नाही उगवलं त दुसरं तारते."

"बाबा, हे काय सोयाबीन आहे का?"

बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक मान डोलवून म्हणालं, "बराबर आहे काकाचं." मी कपाळावर हात मारला.

खामगावचा दुकानदार प्रोसेसर परत घेईना, फार दिवस झाले म्हणे. मदरबोर्डवाल्यानं कुंकू पाहिलं आणि हातच जोडले. म्हणजे नवी पाटी आणणं आलं, आणि तेवढ्यात लागला पितृपक्ष! मी तरी निघालो. आई दारात आडवी आली. "पोरगी अशी पडून हाये, अन् तू पितरायच्या पंधरवड्यात नवं सामान घरात आणतो?" उद्या काही कमीजास्त झालं, तर जन्मभर खापर त्या पाटीच्या माथी. मी चडफडत बसलो.

मग एक दिवस ताईला पोटात हालचालच जाणवेना. दवाखान्यात नेऊन आणलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, पण हिला पटेना. घरी आल्यावर तिनं बाबांचा हात धरला. "बाबा, या वेळेस राहील ना हो?"

बाबा उठले. लाल फडक्यातला डबा काखेत मारला, चपला घातल्या आणि निघाले. संध्याकाळी एसटीतून उतरले ते दोन खोके घेऊन. एकात ग्राफिक्स कार्ड. दुसऱ्यात मदरबोर्ड; याच्यात हा बसला पाहिजे, असं दुकानदाराला डबा दाखवून सांगितलं होतं आणि प्रोसेसर तिथेच बसवून पाहिला होता.

आई उंबऱ्यातच अडवून म्हणाली, "पितर चालू हायेत, समजते का तुमाले?"

"पितर म्हणजे कोण वं? माये मायबापच ना? त्यायच्या नातीचं भेव जावं म्हणून आणलं, त ते रागावतीन?" बोलता बोलता बाबांचा आवाज फाटला. आई बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. ताई उशीला टेकून, मी खाली चटईवर, बाबा दुकान बंद करून दारात. दोन मिनिटांत तिनं मला मागून गोळी घातली. मी शिव्या घातल्या, ती हसली, कितीतरी दिवसांनी. आणि एकदम थांबली. हात पोटावर गेला. मी खेळ थांबवला, आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"लाथा मारून राह्यलं," ताई म्हणाली. हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

बाबा माझ्यावरच खेकसले, "थांबला काऊन बे? खेळ ना!"